नवं ब्रॉडबँड आलं आणि झोप उडाली

पत्र थोडक्यात : ५४ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आहे. त्या घरूनच चार-पाच छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहितात, त्यामुळे लोकांची बिलं, बँकेची स्टेटमेंटं सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर. इतकी वर्षं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागायचं, गेल्या महिन्यात ब्रॉडबँड घेतलं. कॉम्प्युटरमधलं कळतं म्हणून धाकट्या दिरांनी सगळं बसवून दिलं, म्हणजे दोन अँटिव्हायरस टाकले, ऑफिसचं क्रॅक केलेलं (म्हणजे लायसन्स न घेता चालवायचं) व्हर्जन टाकलं आणि ते टाकताना फायरवॉल, म्हणजे न मागता आत येणारं अडवणारा विंडोजचा पहारा, मधे येते म्हणून बंद केली, ती अजून बंदच आहे. आठ दिवसांपूर्वी स्क्रीनभर लाल पाटी आली, की कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. ताईंनी फोन केला नाही, घाबरून सरळ मेन स्विच बंद केला. तेव्हापासून रोज रात्री राऊटर बंद करून झोपतात आणि कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलीय. मिस्टर म्हणतात आपल्यासारख्या साध्या माणसांना कोण हॅक करतंय. दीर म्हणतात अँटिव्हायरसचं महागातलं "टोटल" पॅकेज घ्या, शिवाय व्हीपीएन घ्या. ताई विचारतात, पॅकेज घेऊ की ब्रॉडबँड काढून परत हॉटस्पॉटवर जाऊ? आणि भाऊजींचं काही चुकलं असेल तर त्यांना न दुखावता सांगू कसं?

ताई,

आधी त्या लाल पाटीचं सांगते, म्हणजे आज रात्री तरी नीट झोपाल. ती पाटी म्हणजे निव्वळ एक वेबपेज होतं. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे की नाही हे वेबपेजला बघताच येत नाही, ब्राउझर त्याला तेवढं आत येऊच देत नाही, ते फक्त चित्र दाखवू शकतं आणि भोंगा वाजवू शकतं. मायक्रोसॉफ्टने तर सांगूनच ठेवलंय की त्यांच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, त्यामुळे नंबर दिसला की तिथेच ओळखायचं. तुम्ही फोन केला असतात तर मात्र खरं नुकसान झालं असतं, कारण पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखं काहीतरी टाकायला लावतो आणि मग तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्याच परवानगीने तुमचा कॉम्प्युटर तो चालवतो. तिथे तुम्ही चुकला नाहीत. पुन्हा अशी पाटी आली तर मेन स्विचकडे धावू नका, एस्केप थोडा वेळ दाबून धरा, पाटी लहान झाली की टॅब बंद करा, नाहीच झाली तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझरच बंद करा आणि परत उघडल्यावर मागचे टॅब उघडू का असं त्याने विचारलं तर नको म्हणा. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी बघा, तिथे कुठल्या तरी अनोळखी साइटला कधीतरी "अलाउ" म्हटलेलं सापडण्याची बरीच शक्यता आहे. काढून टाका.

आता तुमचा प्रश्न. पत्र दोनदा वाचलं आणि एक गोष्ट लक्षात आली की तुम्ही, मिस्टर आणि भाऊजी तिघंही एकमेकांच्या विरुद्ध बोलताय पण तिघांनी धरून चाललेलं एकच आहे, की धोका तारेतून येतो. कुणीतरी बाहेर टपून बसलंय आणि इंटरनेटची नवी जाड तार आली म्हणजे त्याला घरात यायला रस्ता मिळाला. तुम्ही म्हणून राऊटर बंद करता, भाऊजी म्हणून पहारेकरी वाढवायला सांगतात, आणि मिस्टर म्हणतात टपून कुणी नाहीच आहे.

ही भीती आली कुठून तेही सांगते, ती खोटी नव्हती. पूर्वी मोडेमची वायर थेट कॉम्प्युटरलाच लागायची, मधे काही नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा व्हायरस, आला, त्याला कुणी काही क्लिक करायची गरजच नव्हती, अपडेट न केलेला विंडोज एक्सपी नेटला जोडला की तो आपोआप आत शिरायचा आणि मशीन दर थोड्या वेळाने साठ सेकंदांची उलटी गिनती दाखवून बंद होऊन परत चालू व्हायचं. तेव्हा विंडोजची फायरवॉल आपणहून चालू नसायची, ती मुळापासून चालू यायला लागली २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांच्या डोक्यात अँटिव्हायरस, अजून एक अँटिव्हायरस, हे पक्कं बसलंय. भाऊजी बहुधा त्यातलेच.

आज तुमच्या घरात मधे राऊटर आहे. तो काय करतो, तर घरातल्या सगळ्या यंत्रांना आतले पत्ते वाटतो, ते १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे असतात ना ते, आणि बाहेरच्यांना फक्त स्वतःचा एकच पत्ता दाखवतो. कॉम्प्युटरने एखादी साइट मागितली की तो लिहून ठेवतो, याने हे मागवलंय, आणि उत्तर आलं की त्याच्याकडे पोचवतो. कुणी न मागता काही पाठवलं तर ते कुणाला द्यायचं हेच त्याला माहीत नसतं, मग तो ते टाकून देतो. म्हणजे न मागवलेलं पार्सल दारातूनच परत. हे काम तो पहिल्या दिवसापासून करतोय, त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. (नव्या कनेक्शनवर बहुधा आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत असते आणि त्यात हा एकाच पत्त्याचा आडोसा नसतो, म्हणून राऊटरच्या पानावर आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू आहे ना तेवढं बघा, बहुतेक असतेच.)

गोम अशी आहे की मागवलेलं पार्सल तो उघडून बघत नाही. तुम्ही ईमेलमधली फाइल उघडली, कुठून तरी फुकट सॉफ्टवेअर उतरवलं, लिंकवर जाऊन पासवर्ड टाकला, हे सगळं तुम्ही मागवलेलं असतं, राऊटरच्या हिशेबात सगळं चोख. हॉटस्पॉटवर परत जायचा तुमचा विचार म्हणूनच मला पटत नाही. मोबाइलवरून आलेली लाल पाटी तितकीच लाल असते आणि क्रॅक केलेलं ऑफिस कुठल्याही नेटवर क्रॅकच असतं.

मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. तुमच्यावर व्यक्तिशः कुणाचा डोळा नाही. पण डोळा लागतच नाही मुळात, हे सगळं प्रोग्रॅम करतात, एकेक पत्ता ठोठावत जातात. २०१६ मध्ये मिराई म्हणून एक प्रकरण झालं, त्याने घराघरांतले वायफाय कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले, आणि कसे, तर कारखान्यातून येतात ते साठेक ठरलेले युजरनेम-पासवर्ड एकेक करून लावून बघायचे, ॲडमिन-ॲडमिन वगैरे, एवढंच. त्या यंत्रांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला डाइन या, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या कंपनीवर असा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक ठिकाणी काही तास उघडेनात. कॅमेऱ्यांचे मालक साधीच माणसं होती आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही. शिवाय तुम्ही म्हणजे फक्त तुम्ही नाही ना, चार-पाच जणांची बँकेची कागदपत्रं तुमच्याकडे आहेत. मिस्टरांना हे एवढं वाक्य सांगा, बाकीचं राहू द्या.

आता जरा कडू. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी ब्रॉडबँडची वाटली नाही, त्या क्रॅकची वाटली. ॲक्टिव्हेटर किंवा कीजेन (लायसन्सचं कुलूप फोडणारे प्रोग्रॅम) चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करा, फायरवॉल बंद करा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याला ते पटतंही, कारण फुकटात चालवायचं तर थोडं वाकडं जावं लागणारच. पण बघा ना, अनोळखी माणसाने बनवलेला प्रोग्रॅम, ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने, पहारा उठवून चालवला. त्यातून ऑफिस चालू झालं हे दिसलं, अजून काय काय बसलं ते दिसत नाही. कधी काहीच नसतं. कधी ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलून नेणारं काहीतरी असतं आणि ते काम दोन मिनिटांत उरकून स्वतःला पुसूनही टाकतं, नंतर कितीही स्कॅन करा, स्वच्छच दिसणार. दोन अँटिव्हायरस असूनही.

त्या दोघांचं म्हणाल तर दोघंही प्रत्येक फाइल उघडताना धरून बघतात, एकमेकांच्या पायात पाय अडकतात, मशीन रखडतं, आणि कधी कधी एकमेकांनाच संशयित ठरवतात. दोन्ही काढा. काढल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो, विंडोज ८ पासून तो आतच येतो आणि घरगुती कामाला पुरतो. "टोटल" पॅकेज वाईट असतं असं नाही, पण तुमचं जे दुखतंय त्यावर ते औषध नाहीये. व्हीपीएन तर अजिबातच नाही, तो तुमचं येणंजाणं तिसऱ्याच्या खिडकीतून वळवतो, मागवलेल्या पार्सलमधला विंचू विंचूच राहतो.

मग दोन रस्ते उरतात. एक, ऑफिस काढायचं, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावायचा (विंडोज बंद ठेवून आधीच तपासतो, पंधराएक मिनिटं लागतात) आणि पुढे चालायचं. दुसरा, विंडोज पुसून नव्याने टाकायचं. घरी फक्त गाणी-फोटो असते तर मी पहिला म्हटलं असतं. तुमच्याकडे लोकांचे हिशेब आहेत, म्हणून दुसरा. एक दिवस जाईल, कंटाळाही येईल, पण नंतर "काही राहिलं तर नसेल?" हा किडा डोक्यात राहणार नाही, आणि तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुम्हाला खरं तेच हवंय.

करताना क्रम महत्त्वाचा. बाहेरच्या हार्डडिस्कवर कागदपत्रं घ्या, फक्त कागदपत्रं आणि फोटो, सेटअपच्या फाइली आणि प्रोग्रॅम अजिबात नकोत, ते झिपमध्ये असले तरी. हार्डडिस्क काढून ठेवा आणि जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर दोन-चार फाइली उघडून बघा, कारण बॅकअप घेतला असं वाटणं आणि घेतलेला असणं यात फरक असतो, मी एकदा तो फरक चांगला भोगलाय. मग सेटिंगमध्ये रिकव्हरीत जाऊन "रिसेट धिस पीसी", त्यात "रिमूव्ह एव्हरीथिंग", आणि विंडोज कुठून घेऊ विचारेल तिथे "क्लाउड डाउनलोड". तेवढ्यापुरता तुमचा फास्ट नेट कामाला येईल! विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, मशीनला ११ चालत असेल तर याच झटक्यात जा, चालत नसेल तर मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेट ठेवलेत पण त्यात स्वतः नाव नोंदवावं लागतं, म्हणजे तेवढ्या अवधीत नव्या मशीनचा विचार करायचा.

नवीन विंडोजवर अपडेट आपोआप येऊ द्या. कंटाळवाणं वाक्य आहे, माहितीय, पण वॉनाक्राय आठवतं का, मे २०१७, दीडशेवर देशांत कॉम्प्युटर लॉक करून पैसे मागितले होते? ती भोकं बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. हल्ला झाला १२ मेला. जवळजवळ दोन महिने औषध उशाशी होतं आणि लोक "रिमाइंड मी लेटर" दाबत होते. तुमचं रात्री राऊटर बंद करणं इथे उलटंच पडतं, बरेच राऊटर आणि कॉम्प्युटर रात्रीच गुपचूप अपडेट करून घेतात. वीज वाचवायला बंद करत असाल तर करा बापडं, सुरक्षेसाठी नको.

दोन खाती करा, एक ॲडमिनिस्ट्रेटर आणि एक साधं, आणि रोजचं काम साध्या खात्यावर. मग काहीही टाकायला गेलं की कॉम्प्युटर पासवर्ड मागतो आणि त्या दोन सेकंदांत माणूस विचार करतो, हे मी मागवलं होतं का? फायरवॉल चालू ठेवा, आणि नेटवर्क कुठल्या प्रकारचं असं विचारलं तर घरात असूनही "पब्लिक" म्हणा, दुसऱ्या कॉम्प्युटरशी फाइली शेअर करायच्या नसतील तर काही अडत नाही. ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस फुकट आणि राजरोस मिळतं, पण तुमच्या हिशेबाच्या शीटमध्ये मॅक्रो (आपोआप काम करणाऱ्या, आत लिहून ठेवलेल्या सूचना) असतील तर ते जसेच्या तसे चालतीलच असं नाही, ग्राहकांच्या दोन-तीन फाइली उघडून बघा, अडलं तर सरळ लायसन्स विकत घ्या. पॅकेजवर जाणार होते ते पैसे इकडे.

पासवर्ड मात्र रिसेट झाल्यावरच बदला, किंवा फोनवरून. आजच्या त्याच मशीनवर बसून बदललेत तर आत कुणी असेल त्याला नवे पासवर्ड आपल्या हाताने दिल्यासारखं होईल. सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचं "पासवर्ड विसरलात?" तिथेच येऊन पडतं. त्याला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा आणि "सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट" असं बटण असतं ते दाबा, हे लोक विसरतात, चोरणारा नुसता पासवर्ड नेत नाही, उघडं लॉगिनच उचलून नेतो आणि पासवर्ड बदलला तरी काही ठिकाणी आत बसून राहतो. मग बँक. मग बाकीचे, एकाच बैठकीत नको, वैताग येतो आणि मग सगळीकडे एकच ठेवला जातो. पासवर्ड मॅनेजर वापरा किंवा वहीत लिहून कपाटात ठेवा, वहीला लोक हसतात पण दुसऱ्या टोकाच्या चोराला तुमच्या कपाटातली वही वाचता येत नाही.

राऊटरचं राहिलं. त्याचे पासवर्ड दोन असतात आणि बहुतेक घरांत एकच माहीत असतो. वायफायचा असतो तो पाहुण्यांना देतो तो. दुसरा राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा, मिराईने वापरला तो, आणि माझ्या स्वतःच्या घरी तो तीन वर्षं ॲडमिन-ॲडमिन होता, आणि मी इथे बसून लोकांना शहाणपण शिकवत होते. स्टिकरवर पत्ता असतो, तो ब्राउझरमध्ये टाका, आत जा, तो बदला, जमत नसेल तर नेट देणाऱ्या कंपनीला फोन करून बदलून घ्या, नंबर त्यांच्या बिलावरचा, सर्च करून सापडलेला नको. वायफायच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ असेल तर ते निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए२. पासवर्ड लांब ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडले तरी चालतात. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय, बंद करा. त्याचा पिन आठ आकडी असतो म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतं, पण २०११ मध्ये उघड झालं की राऊटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा तर आधीच्यांवरूनच निघतो, म्हणजे प्रत्यक्षात अकरा हजार वेळा प्रयत्न केले की काम झालं. रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायची सोय) बंद, यूपीएनपी पण बंद, ते यंत्रांना आपणहून दारं उघडू देतं. गेस्ट नेटवर्क असेल तर टीव्ही आणि पाहुणे त्याच्यावर, कामाचा कॉम्प्युटर वेगळा. वायफायचं नाव लपवणं वगैरे सोडून द्या, त्याने फक्त घरच्यांची पंचाईत होते.

हिशेबाच्या फाइलींचा बॅकअप यापुढे दर आठवड्याला घ्या आणि घेतल्यावर हार्डडिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेली असेल तर फाइली लॉक करणारा व्हायरस तिलाही लॉक करतो. कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी हवी तर राहू द्या, मी पण लावते.

राहता राहिले भाऊजी. त्यांनी वेळ काढून, काही न घेता, आपल्याला येतं तसं करून दिलंय, आणि दोन अँटिव्हायरस टाकणारा माणूस हयगय करत नव्हता, उलट काळजीच करत होता. त्यामुळे तुमचं काय चुकलं ही यादी त्यांच्यासमोर वाचू नका. खरं कारण तुमच्याकडे आहेच, तेच सांगा, "भाऊजी, लोकांचे हिशेब आहेत माझ्याकडे, उद्या कुणी विचारलं तर सगळं लायसन्सचं आहे असं मला सांगता आलं पाहिजे, म्हणून मशीन एकदा पुसून नव्याने लावायचंय, रविवारी याल का?" यात खोटं काही नाही आणि कमीपणाही नाही. ते येतील बहुतेक. फक्त या वेळी माउस तुमच्या हातात ठेवा, ते शेजारी बसून सांगतील आणि तुम्ही कराल, आणि पासवर्ड टाकायची वेळ आली की त्यांना म्हणा, जरा तिकडे बघा.